खांबाची सळई दिसतेय आणि कमिटी रंगकामाला निघाली आहे

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही बडोद्यात अकोट्याला नदीकाठच्या एका अपार्टमेंटमध्ये सुरुवातीपासून राहतो. खाली पार्किंग, वर सात मजले, अठ्ठावीस फ्लॅट. बांधकाम १९९३चं. मागची भिंत विश्वामित्रीच्या कोतराला, म्हणजे घळीला, लागून आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा पार्किंगमध्ये माणूसभर पाणी कित्येक दिवस उभं होतं. त्यानंतर नदीच्या बाजूच्या खांबांचं प्लॅस्टर फुगलं, मग पडलं. आता तीन खांबांच्या सळया उघड्या दिसतात, तपकिरी ओघळ आलेत. कमिटीनं कडियाला (गवंड्याला) बोलावून एकदा सिमेंट लावून घेतलं. ते पुन्हा सुटलं. आता दिवाळीआधी संपूर्ण इमारतीला रंग द्यायचं ठरतंय.

मी मीटिंगमध्ये विषय काढला तर प्रमुख म्हणाले, "बेन, कशुं नथी थवानुं (काही होणार नाही). तुम्ही असं बोललात तर सगळ्यांच्या फ्लॅटचे भाव पडतील." माझा भाचा मायामीजवळ समुद्रकाठच्या जुन्या टॉवरमध्ये राहतो. तिकडे एक इमारत कोसळल्यापासून त्यांच्या सोसायटीनं दुरुस्तीसाठी मोठी रक्कम मागितली आहे. तो फोनवर म्हणतो, मावशी, तू आधी बाहेर पड. यजमान म्हणतात, रंग झाला की गुपचूप विकून टाकू. चौथ्या मजल्यावरच्या मावशी एकट्या, पेन्शनवर राहतात. त्या म्हणतात, माझ्याकडे द्यायला काही नाही, मला यात ओढू नकोस.

मी उगाच घाबरते आहे का? राहू, विकू की भांडू?

— एक वाचक, बडोदा

उत्तर

ताई,

तुम्ही उगाच घाबरलेल्या नाही आहात. सळई उघडी पडलेला पार्किंगचा खांब ही काळजीचीच गोष्ट आहे आणि ती बोलून दाखवणारी बाई भाव पाडत नसते. मात्र तुमची इमारत आज रात्री पडेल, असाही याचा अर्थ नाही. खरं काय ते खांब तपासल्यावर कळेल, आणि ते तपासायलाच तुमची कमिटी तयार नाही. तुमचं भांडण तेवढ्यापुरतंच ठेवा.

आत काय चाललं आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे मीटिंगमध्ये कुणी गप्प बसवू शकणार नाही. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी (अल्कलाइन) असतं, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत जातो, तसं ते संरक्षण बाहेरून आत संपत येतं. त्यात पाणी मिळालं की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो. आतून फुगून तो काँक्रीटला तडा देतो, त्या तड्यातून आणखी पाणी जातं, आणि एके दिवशी वरचा थर सुटतो. म्हणून सळईच्या रेषेत उभा गेलेला तडा आणि तपकिरी ओघळ यांचा अर्थ वेगळा, आणि बेडरूमच्या भिंतीवर प्लॅस्टरला पडलेल्या केसासारख्या रेघांचा वेगळा. त्या रेघांनी घाबरू नका. खांबाकडे मात्र बघा. कडियानं वरून लावलेलं सिमेंट म्हणजे किडलेल्या दातावर बसवलेली कॅप: आतली कीड चालूच राहते, फक्त दिसत नाही. रंगाचंही तेच. रंग झाल्यावर इंजिनियर आला तरी त्याला ओघळ आणि तडे दिसणार नाहीत. म्हणून रंगाचं काम आधी थांबवा. एवढी एक गोष्ट मिळवलीत तरी खूप झालं.

पार्किंगचे खांब जास्त महत्त्वाचे का, तेही सांगते. वरच्या मजल्यांवर खांबांच्या मध्ये विटांच्या भिंती असतात, त्या थोडा आधार देतात. खाली नुसते खांब, आणि सातही मजल्यांचं वजन त्यांच्यावर. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात, केंद्र कच्छमध्ये इतक्या लांब असूनही, अहमदाबादेत ज्या इमारती बसल्या त्यात अशा खाली मोकळं पार्किंग असलेल्या बऱ्याच होत्या. शिवाय तुमची इमारत १९९३ची, म्हणजे काँक्रीटच्या १९७८च्या सरकारी मानकाच्या काळातली. तेव्हा आरसीसीला एम-१५ दर्जाचं काँक्रीट चालत असे (आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत). २०००च्या मानकानं किमान दर्जा एम-२० केला. म्हणून १९९३ची प्रत्येक इमारत कच्ची ठरत नाही. पण त्या वयाच्या इमारतीच्या खांबाची सळई दिसत असेल, तर तिला तपासणीशिवाय "काही होत नाही" म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

आता भाच्याच्या गावाकडची गोष्ट. मायामीजवळच्या सर्फसाइडमधली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १२ मजली इमारत १९८१ची. २४ जून २०२१च्या मध्यरात्रीनंतर तिचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसं गेली. समुद्र समोरच होता, म्हणून लोक खाऱ्या हवेला दोष देऊन मोकळे होतात. मला त्या घटनेत जास्त बोचतं ते निराळंच. २०१८मध्येच एका इंजिनियरनं लेखी अहवाल दिला होता: पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबखालचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय, त्यामुळे खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान होतंय, दुरुस्ती केली नाही तर ते झपाट्यानं वाढेल. अहवाल आल्यावर पुढच्याच महिन्यात गावच्या बांधकाम अधिकाऱ्यानं मात्र रहिवाशांना इमारत चांगल्या स्थितीत असल्याचं सांगितलं. मग खर्चावरून वाद झाले, कमिटीतल्या लोकांनी राजीनामे दिले, वर्षं गेली. एप्रिल २०२१मध्ये अध्यक्षांनी सभासदांना लिहिलं की नुकसान आणखी वाढलंय. सुमारे दीड कोटी डॉलरची वर्गणी ठरली, हप्ते १ जुलैपासून सुरू व्हायचे होते. इमारत त्याच्या आठवडाभर आधी पडली.

पुढच्या सरकारी तपासात असंही दिसलं की त्या स्लॅबची आणि खांबांच्या जोडांची ताकद मुळातच कमी होती, आणि नंतर त्यावर फरश्या आणि झाडांच्या मोठ्या कुंड्यांचं वजन चढत गेलं. गंज, कमी ताकद, वाढलेलं वजन आणि पुढे ढकलत गेलेली मीटिंग, हे सगळं एकत्र आलं. तुमच्या भाच्याला आलेलं बिल त्यानंतरच्या कायद्याचं आहे. फ्लोरिडानं २०२२मध्ये तीन किंवा जास्त मजल्यांच्या अशा इमारतींना ३० वर्षं झाली की तपासणी आणि पुढे दर १० वर्षांनी पुन्हा तपासणी सक्तीची केली, आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी मतदानानं टाळायची जुनी वाट बरीचशी बंद केली. भाचा तुम्हाला बाहेर पड म्हणतो ते मायेपोटी, पण त्याच्या समुद्राचं मीठ तुमच्या विश्वामित्रीत नाही. तुमचा त्रास वेगळा: पुरानं भिजणं आणि उन्हाळ्यात वाळणं, गटाराचं पाणी, आणि आपल्या बडोद्याची काळी माती, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.

नदीचं म्हणाल तर २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, हे तुम्ही पाहिलंच आहे. त्यानंतर महापालिकेनं नदी खोदून रुंद करायचं काम काढलं, म्हणून बरेच जण आता म्हणतात की पुन्हा पाणी येणार नाही. नाही आलं तर चांगलंच. पण मागच्या पुराचं पाणी खांबांना लागून गेलंय ते गेलंयच. आणि तुमची भिंत कोतराला लागून असल्यामुळे तिथली माती सरकली आहे का, भिंतीला तिरपा तडा गेलाय का, हे इंजिनियरला मुद्दाम दाखवा. तिरप्या तड्याच्या मागे बहुधा पाया असतो.

आता काय करायचं ते सांगते.

पहिलं म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनियर. वॉटरप्रूफिंगवाला नको, रंगवाला नको, आणि ज्याला दुरुस्तीचं काम द्यायचं आहे तोही नको. ज्याला काम मिळायचं आहे त्याच्याकडून रोगाचं निदान करून घेऊ नये. बडोद्यात चांगले लोक आहेत. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केलं, त्याच परंपरेतलं आपल्या युनिव्हर्सिटीचं इंजिनियरिंग कॉलेज तिथेच उभं आहे. तिथल्या प्राध्यापकांना विचारलंत तर चाचण्या कोण करतं हे नक्की कळेल. इंजिनियर नुसतं हातोडीनं वाजवून गेला तर मानू नका. हॅमर टेस्ट (यंत्रानं काँक्रीटचा कडकपणा मोजणं), अल्ट्रासॉनिक टेस्ट (ध्वनिलहरींनी आतली पोकळी आणि तडे शोधणं), सळईवर किती काँक्रीट उरलंय याचं माप, गंज किती पसरलाय याची इलेक्ट्रिकल चाचणी आणि दोन-चार ठिकाणी काढलेला कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, एवढं व्हायला हवं. अहवालात तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मागा: आज इथे राहणं सुरक्षित आहे का? कोणते खांब, किती खराब? काम किती दिवसांत सुरू झालं पाहिजे? तिसरं उत्तर अंगावर घ्यायला सगळे टाळतात, म्हणून ते सोडू नका.

अहवाल येईपर्यंतही हात बांधून बसायचं कारण नाही. त्या तीन खांबांच्या आसपास गाड्या लावू नका, म्हणजे ते रोज नजरेखाली राहतील. टेकू लागणार असतील तर ते इंजिनियरच्या सांगण्यानंच लावा; चुकीच्या जागी लावलेला टेकूही त्रास देतो. तड्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी फुटली तर तडा हलतो आहे. फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. आणि कुणाच्या घरात रिनोव्हेशन चाललं असेल, भिंत पाडून हॉल मोठा करणं, जुन्या फरशीवर नवी फरशी, गच्चीवर आणखी एक टाकी, तर ते सगळं तूर्त थांबवा. बडोद्यात हे प्रत्येक जुन्या फ्लॅटमध्ये होतं आणि कुणाला त्यात काही वाटत नाही.

आता कमिटी. तोंडी बोलणं बंद करा. प्रमुख आणि मंत्री (सोसायटीचे सेक्रेटरी) यांच्या नावे अर्ज लिहा, एका पानाचा. त्यात भीतीचा शब्द नको. फोटो, तारखा, कडियाचं काम कधी झालं आणि कधी सुटलं, आणि शेवटी मागणी: रंगकाम थांबवून स्ट्रक्चरल तपासणीसाठी खास सभा बोलवावी. तुमच्या एकटीच्या सहीनं देऊ नका. दारोदार जा. आधी खालच्या मजल्यांवर जा, कारण पुराचं पाणी त्यांच्याच घराखाली उभं होतं. अर्जाची प्रत घ्या, त्यावर मिळाल्याची सही घ्या. प्रमुखांना वाईट माणूस ठरवू नका. त्यांनाही तिथेच झोपायचं आहे, त्यांचीही पुंजी त्याच भिंतींत आहे. पण अर्ज मिळाल्याची सही केल्यावर "कशुं नथी थवानुं" म्हणणं कुणालाही जड जातं, कारण आता जबाबदारी नावावर चढते.

तरीही सभा झाली नाही, तर महापालिकेच्या निर्भयता शाखेकडे अर्ज द्या. जर्जर इमारतींना नोटिसा तिथूनच जातात. पडायला आलेलं बांधकाम काढायला किंवा सुरक्षित करायला लावण्याचा अधिकार आयुक्तांना महापालिका कायद्याच्या कलम २६४नं दिलाय. याची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असू द्या: नोटीस आली की नळ आणि लाइट कापायची वेळही येऊ शकते, आणि त्या दिवशी शेजारी तुमच्याकडे रागानं बघतील. म्हणून ही वाट शेवटची. पण ती बंद आहे असं समजू नका. २०१३ साली अटलादऱ्याच्या माधवनगरमध्ये इमारती कोसळल्या, माणसं गेली, आणि त्या काही फार जुन्या नव्हत्या. जुलै २०२५मध्ये मही नदीवरचा गंभीरा पूल तुटला, तो १९८५चा. त्याच्याबद्दलही लोकांनी आधी तक्रारी केल्या होत्या. बडोद्यातल्या माणसाला आता तक्रार करताना संकोच वाटायला नको.

दुरुस्ती परवडणारच नाही असं इंजिनियर म्हणाला, तर गुजरातेत कायद्यातल्या २०१८च्या बदलानंतर २५ वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचा पुनर्विकास ७५ टक्के फ्लॅटधारकांच्या संमतीनं होऊ शकतो. तुमच्या अठ्ठावीस घरांत म्हणजे एकवीस. मात्र पुनर्विकासाच्या गप्पा सुरू झाल्या की दुरुस्ती थांबते, हा धोका ओळखा. बिल्डर येईल तेव्हा येईल. खांब त्याच्यासाठी थांबणार नाहीत.

चौथ्या मजल्यावरच्या मावशींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती माझ्या मनातून जात नाही. अशा प्रत्येक इमारतीत एक-दोन घरं अशी असतात, आणि त्यांची अडचण पुढे करून बाकीचे पैसेवाले आपली वर्गणी वाचवतात. सभेत पैशाचा विषय आधी काढा, शेवटी नको. रंगासाठी ठरलेली रक्कम आधी तपासणीकडे वळवा; तपासणीला त्या मानानं फार लागत नाही. दुरुस्तीची वर्गणी चौरस फुटावर घ्या, घरटी सारखी नको. हप्ते पाडा. ज्यांना मुळीच जमणार नाही, त्यांचा वाटा सोसायटीनं उचलावा आणि फ्लॅट विकला किंवा वारसाकडे गेला की तो वसूल करावा, असा ठराव लिहून ठेवा. मावशींकडे सहीसाठी जाण्याआधी हे ठरवून जा. "यात ओढू नकोस" म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा बिलाची भीती असते, खांबाची नसते. बिलाचं उत्तर हातात घेऊन गेलात तर त्या तुमच्याबरोबर येतील.

आता यजमानांचा विचार. विकायचं असेल तर विका, त्यात गैर काही नाही. उतारवयात जिन्याचा आणि पुराचा कंटाळा येतो. पण रंगाखाली झाकून विकू नका. १८८२च्या ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी कायद्याच्या कलम ५५नुसार, घेणाऱ्याला साध्या नजरेनं दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, तो फ्लॅट कोण घेईल? बहुधा पहिल्यांदा घर घेणारं, लोन काढलेलं एखादं तरुण जोडपं. तुम्हाला रात्री ज्या खांबाची भीती वाटते, त्याच्यावर त्यांचं मूल झोपणार. हे यजमानांना माझ्या नावानं सांगा. आणि हेही सांगा की तपासणीचा अहवाल आणि दुरुस्तीची बिलं हातात असलेला फ्लॅट नुसत्या रंगवलेल्या फ्लॅटपेक्षा जास्त विश्वासानं विकला जातो.

राहायचं की निघायचं, हा तुमचा खरा प्रश्न. इंजिनियर येऊन बघेपर्यंत राहायला हरकत नाही, पण ते बघणं महिन्यावर ढकलू नका, याच आठवड्यात व्हायला हवं. त्याआधी काही गोष्टी घडल्या तर मात्र अहवालाची वाट बघायची नाही: खांबाचे मोठे तुकडे पडू लागले, तडा एका-दोन दिवसांत रुंदावला, सरळ लागणारी दारं अचानक अडकू लागली, जमीन खचल्यासारखी वाटली, किंवा काँक्रीट फुटल्यासारखा मोठा आवाज झाला. अशा वेळी लिफ्टमध्ये पाय ठेवू नका, दागिने शोधू नका. मावशींचं दार वाजवा आणि जिन्यानं खाली उतरून इमारतीपासून लांब जा, मग १०१ला फोन करा. सर्फसाइडला आधी तलावाभोवतीचा भाग बसला, आणि मग इमारत. मध्ये काही मिनिटं गेली. आवाज ऐकून जे त्या मिनिटांत बाहेर पडले, ते वाचले. वॉचमनला हे आजच समजावून सांगा आणि सगळ्या घरांचे फोन नंबर त्याच्या टेबलावर लिहून ठेवा. रात्री तोच एक जागा असतो.

भाच्याला कळवा की तुम्ही बाहेर पडत नाही आहात, तपासणी करून घेता आहात. त्याला हेही विचारा की त्याच्या सोसायटीनं अहवाल सभासदांना कसा वाचून दाखवला. तिकडे त्याची सवय लागली आहे, आपल्याकडे अहवाल प्रमुखांच्या कपाटात जातो. तुमचा अहवाल आला की त्याची झेरॉक्स सगळ्या घरांत जाईल, हे अर्जातच लिहून घ्या. काही शब्द समजले नाहीत तर मला पाठवा, पुढच्या सदरात आपण ते पान उलगडून वाचू.